ॲम्बेसेडरचे टॅपेट घरच्या घरी सेट करणे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातले ॲम्बेसेडरचे उत्पादन मे 2014 मध्ये थांबले, तरी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी आजही अनेकांच्या अंगणात चालू स्थितीत उभी आहे. मात्र ती जाणणारे जुने मिस्त्री आता कमी होत चालले आहेत. त्यामुळे गाडी राखायची असेल तर काही कामे मालकाने स्वतः शिकून घेणे गरजेचे आहे. त्यांत टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधले अंतर ठरावीक मापावर आणणे, हे काम मी सर्वांत वर ठेवीन. त्याला महागडी अवजारे लागत नाहीत, इंजिन खोलावे लागत नाही, आणि ते नीट केले तर हेडचा, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचा, मोठा खर्च टळू शकतो.

हा लेख 1489 सीसीच्या पुशरॉड पेट्रोल इंजिनापुरता आहे. नव्वदच्या दशकात आलेल्या 1.8 लिटर इसुझू इंजिनाची रचना वेगळी आहे आणि डिझेल गाडीसाठी तिचेच मॅन्युअल पाहावे. आजच्या बऱ्याच गाड्यांत टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात किंवा पातळ चकत्या बदलून अंतर साधावे लागते, तेव्हा खाली दिलेली पद्धत त्यांनाही लागू नाही.

अंतर कशासाठी ठेवतात

कॅमशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये खाली असते. तिच्यावरचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबले जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन तापले की हे सारे भाग कमीजास्त प्रमाणात लांबतात. थंडपणी रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी मोकळीक ठेवली नाही, तर तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नाही. या इंजिनासाठी ती मोकळीक इनलेट (पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) या दोन्ही व्हॉल्व्हना थंड इंजिनावर 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर ठेवतात. मिस्त्री तिला ‘पंधरा थाऊ’ म्हणतात, कारण इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. तरीही आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा रॉकर कव्हरवरच्या पट्टीवर वेगळा आकडा छापलेला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

अंतर वाढले की टॅपेट वाजतात. व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, गाडीची ओढ थोडी मंदावते आणि प्रत्येक फेऱ्याला रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर आदळत राहतो. हे वाईट असले तरी ते कानाला कळते. अंतर कमी झाले की मात्र काहीच ऐकू येत नाही, आणि खरी हानी तिथेच होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देऊन टाकतो. तो नीट टेकला नाही तर ती उष्णता त्याच्यातच साठते, फटीतून तापलेला वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून ‘टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे इंजिन उत्तम’ हा समज मला घातक वाटतो. चालू इंजिनावर कानाने ऐकत टॅपेट बसवणारे कसबी मिस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने कानावर न जाता मापावरच जावे.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. त्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसून सीटची झीज रोखत असे. ज्या जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट रिंगा बसवलेल्या नाहीत, त्यांत शिसेविरहित पेट्रोलवर, विशेषतः सतत वेगात गाडी चालवल्यास, एक्झॉस्टची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याचा दांडा रॉकरच्या जवळ येतो. म्हणजे अशा गाडीत टॅपेटचे अंतर आवाज न करता आपोआप कमी होत जाते.

साहित्य

फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा अंतर मोजण्याचा संच, इंचातला घ्यावा, आणि त्यात 0.014, 0.015 आणि 0.016 ही तिन्ही पाती असल्याची दुकानातच खात्री करावी. मिलिमीटरच्या साध्या गेजमध्ये 0.35 नंतर एकदम 0.40 चे पाते असते आणि नेमके हवे ते माप मिळत नाही. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांत इंचातला गेज मिळण्याची शक्यता असते. जुन्या गेजची कड मुडपलेली किंवा गंजलेली असेल तर तो वापरू नये.

त्याशिवाय लॉक नटासाठी रिंग पाना, ॲडजस्टिंग स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसणारा आखूड पण भक्कम स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, रॉकर कव्हरचे नवे कॉर्कचे पॅकिंग, स्वच्छ फडके, वही आणि पेन्सिल एवढेच लागते. या गाडीचे नट इंचाच्या मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो म्हणून वापरला तर नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो सुटता सुटत नाही. पॅकिंग मात्र काम सुरू करण्यापूर्वीच आणून ठेवावे, कारण जुने कॉर्क बहुधा कव्हर काढतानाच तुटते आणि त्या वेळी बाजारात धावण्यात अर्थ नसतो.

गाडी तयार करणे

गाडी आदल्या रात्रीपासून बंद असावी. ‘तासाभरापूर्वी बंद केली’ हे पुरेसे नाही. ओतीव लोखंडाचे हेड आणि ब्लॉक उष्णता बराच वेळ धरून ठेवतात, आणि बोनेटला हात लावून थंड वाटले तरी आतला भाग कोमट असू शकतो. सपाट जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, वायर काढून बाजूला बांधावी. पहिल्या खेपेला यासाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवणे बरे, कारण घाईत हे काम हमखास बिघडते.

प्लगच्या वायरींवर चिकटपट्टीने 1 ते 4 असे क्रमांक घालावेत. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. मग प्लगच्या भोवतीची धूळ फुंकर मारून किंवा ब्रशने काढावी आणि चारही प्लग काढावेत. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब) राहिले नाही की इंजिन एका हाताने फिरते. प्लगची भोके स्वच्छ फडक्याने सैलसर झाकावीत.

एअर क्लीनर आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी) नळी आड येत असतील तर काढावीत. रॉकर कव्हर वरच्या दोन नटांनी धरलेले असते. नटांखालच्या वाट्या आणि रबरी बुश कोणत्या क्रमाने बसले आहेत ते पाहून घ्यावे, हवा तर फोनवर फोटो काढून ठेवावा. कव्हर चिकटून बसले असेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्याने पत्र्याची कड वाकते आणि तिथून तेल कायमचे गळू लागते. हाताच्या तळव्याने कडेने हलके ठोके दिले की ते सुटते.

आत आठ रॉकर एका शाफ्टवर ओळीने दिसतील. शाफ्टला धरणाऱ्या आधारांवरचे मोठे नट हे हेडचेच नट आहेत. ते ‘जरा घट्ट करून पाहू’ म्हणून हात लावण्यासाठी नाहीत, आणि सैल तर मुळीच करू नयेत. आपले काम फक्त रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला असलेल्या लॉक नटांशी आणि त्यांच्या मधोमध दिसणाऱ्या खाचेच्या स्क्रूंशी आहे.

नऊचा नियम

रेडिएटरकडून मोजत व्हॉल्व्हना 1 ते 8 क्रमांक द्यावेत. त्यांत 1, 4, 5 आणि 8 हे एक्झॉस्ट आहेत, तर 2, 3, 6 आणि 7 हे इनलेट आहेत. ज्या व्हॉल्व्हचे अंतर मोजायचे तो पूर्ण बंद असावा आणि त्याचा टॅपेट कॅमच्या गोल भागावर, उंचवट्यापासून दूर असावा, ही खरी अट आहे. ती पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे नऊचा नियम: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला दिसेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा, आणि जो क्रमांक येईल तो व्हॉल्व्ह सेट करावा.

यामागचे कारण साधे आहे. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम 1-3-4-2 असा आहे. त्यात पहिला आणि चौथा, तसेच दुसरा आणि तिसरा सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) एका पूर्ण फेऱ्याइतके, म्हणजेच कॅमशाफ्टच्या बरोबर अर्ध्या फेऱ्याइतके दूर असतात. ज्या जोड्यांची बेरीज नऊ येते त्या याच सिलिंडरांतल्या सारख्या व्हॉल्व्हच्या जोड्या आहेत. एकाचा कॅम टोकावर असला की दुसऱ्याचा कॅम नेमका पाठमोरा असतो.

इंजिन क्रमाने फिरवत गेल्यास जोड्या पुढीलप्रमाणे येतात:

8 उघडा असताना 1 सेट करावा.
6 उघडा असताना 3.
4 उघडा असताना 5.
7 उघडा असताना 2.
1 उघडा असताना 8.
3 उघडा असताना 6.
5 उघडा असताना 4.
2 उघडा असताना 7.

हा तक्ता वहीत उतरवून समोर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखावेत.

इंजिन फिरवणे

ज्या गाडीला पुढच्या बंपरमधून घालायच्या हँडलची सोय आहे, तिच्या मालकाला याहून चांगले साधन नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. प्लग काढलेले असताना उलटा झटका बसत नाही, पण सवय योग्यच लागलेली बरी. पुढून पाहता इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचे असते. हँडल नसेल तर ठोकळे काढून, टॉप गिअर टाकून, गाडी हाताने इंच-इंच पुढे ढकलली की इंजिन तेवढेच फिरते. त्यासाठी एक मदतनीस हवा आणि जागा अगदी सपाट हवी. गाडी हलत असताना कोणाचाही हात बोनेटखाली असता कामा नये, आणि ती थांबली की प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढून ठोकळे पुन्हा लावावेत. स्टार्टरचा झटका देऊन इंजिन फिरवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही, कारण इंजिन हवे तिथे थांबत नाही आणि बॅटरी जोडलेली ठेवावी लागते.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला हे ओळखण्यासाठी त्याच्या स्प्रिंगकडे पाहावे. इंजिन फिरेल तशी ती दबत जाते, क्षणभर स्थिर राहते आणि मग वर येऊ लागते. तो स्थिर टप्पा साधायचा. अंशाचा काटेकोरपणा इथे लागत नाही, कारण सेट करायच्या व्हॉल्व्हचा कॅम गोल भागावर बराच काळ असतो आणि थोडे पुढेमागे झाले तरी मापात फरक पडत नाही.

मोजणे आणि सेट करणे

आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे असे धरू. आता पहिल्या रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकावर अंगठ्याने दाब द्यावा, म्हणजे पुशरॉडच्या वाटीत साचलेले तेल बाहेर पडते. ते तसेच राहिले तर अंतर खोटे, कमी दिसते. मग 0.015 चे पाते तेलाने पुसून रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे वरचे टोक यांच्यामध्ये सरळ, आडवे घालावे. नवखा माणूस कधीकधी पाते स्क्रूच्या बाजूला शोधतो. तिथे मोजायचे नसते.

लगेच पाना लावू नये. पहिल्या फेरीत आठही व्हॉल्व्हचे आहे ते अंतर, निरनिराळी पाती घालून, फक्त मोजावे आणि ‘आधी’च्या रकान्यात लिहावे. ही नोंद मला सेटिंगइतकीच मोलाची वाटते, कारण इंजिनाच्या आत काय चालले आहे ते तीच सांगते.

दुसऱ्या फेरीत सेटिंग. रिंग पान्याने लॉक नट अर्धा-पाऊण फेरा सैल करावा. स्क्रू ड्रायव्हर खाचेत उभा, दाबून धरावा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की अंतर कमी होते, उलट फिरवला की वाढते. तो फार थोडा फिरवायचा असतो. पाव फेरासुद्धा इथे मोठा बदल आहे. आधी अंतर मुद्दाम थोडे जास्त ठेवून, पाते आत ठेवून, स्क्रू हळूहळू आवळत यावे. पाते मागेपुढे ओढताना किंचित अडल्यासारखे वाटले पाहिजे. पुस्तकाच्या दोन पानांमध्ये दाबलेला कागद ओढून काढताना लागतो, तितकाच तो अडथळा. ढकलताना पाते वाकत असेल तर घट्ट झाले, आणि काहीच न जाणवता सरकत असेल तर सैल आहे.

आता या कामातली सर्वांत अवघड गोष्ट येते. लॉक नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतोच. म्हणून एका हाताने स्क्रू ड्रायव्हर जागेवर घट्ट धरून दुसऱ्या हाताने नट आवळावा, आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. बहुधा माप बदललेले असते. तसे असेल तर नट पुन्हा सैल करून स्क्रू त्या चुकीच्या उलट बाजूला केसभर जास्त ठेवावा, म्हणजे आवळताना तो बरोबर जागी येतो. पहिल्या दोन-तीन व्हॉल्व्हना हे परत परत करावे लागेल. नंतर हाताला आवळण्याचा अंदाज येतो. नट पक्का असावा, पण पान्याला पाइप लावून आवळण्याची गरज नाही.

हाताच्या जाणिवेवर भरवसा वाटत नसेल तर शेजारच्या पात्यांनी पडताळा घ्यावा. 0.014 सहज गेले पाहिजे आणि 0.016 जोर लावल्याशिवाय जाता कामा नये. मला पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हीच कसोटी अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ‘किंचित अडणे’ म्हणजे किती हे प्रत्येकाचे वेगळे असते.

एक सूचना जुन्या रॉकरबद्दल. वर्षानुवर्षे आदळून रॉकरच्या टोकाखाली व्हॉल्व्हच्या दांड्याएवढा खळगा पडतो. सपाट पाते त्या खळग्यात उतरत नाही, ते कडांवर टेकून राहते, आणि गेज 0.015 दाखवत असताना खरे अंतर त्याहून जास्त असते. टॅपेट अगदी मापात बसवूनही एखादाच रॉकर वाजत राहिला तर टॉर्चच्या उजेडात त्याचे टोक पाहावे. खळगा नखाला लागत असेल तर रॉकर बदलावा किंवा जाणत्या कारागिराकडून घासून घ्यावा. आवाज घालवण्यासाठी अंतर मापापेक्षा कमी मात्र करू नये.

आठही झाल्यावर हँडलने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि तिसऱ्यांदा सर्व अंतरे मोजून ‘नंतर’च्या रकान्यात लिहावीत. प्रत्येक लॉक नटाला पाना लावून तो पक्का असल्याचे पाहावे. मोजलेल्या प्रत्येक बंद व्हॉल्व्हचा पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला तर सहज फिरला पाहिजे.

बंद करणे आणि सुरू करणे

कव्हर आणि हेड यांच्या कडांवरचे जुने कॉर्क बोथट पट्टीने खरवडावे, आणि तुकडे आत पुशरॉडच्या भोकांत पडणार नाहीत याची काळजी घ्यावी. नवे पॅकिंग कव्हरला चिकटवावे, हेडला नको, म्हणजे पुढच्या वेळी ते कव्हरबरोबर निघून येते. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. तेल गळेल या भीतीने ते करकचून आवळले की पत्रा मधे वाकतो, कॉर्क चिरडते आणि नेमकी गळती सुरू होते. प्लग आधी हातानेच पेचावर चढवावेत, वायरी क्रमांकाप्रमाणे लावाव्यात, एअर क्लीनर आणि ब्रीदर बसवून बॅटरी शेवटी जोडावी. सुरू करण्यापूर्वी पाने, फडकी आणि प्लगच्या भोकांवरचे कापड मोजून बाजूला ठेवल्याची खात्री करावी.

इंजिन मोकळ्या जागेत सुरू करावे. या इंजिनात थोडी एकसारखी टिकटिक ऐकू येणे योग्यच आहे. एकच मोठा, वेगळा ठोका येत असेल तर इंजिन बंद करून, पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर तो व्हॉल्व्ह तपासावा. दहा मिनिटांनी कव्हरच्या कडेने, विशेषतः मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना जोडलेल्या वायूच्या नळ्यांच्या) बाजूने, बोट फिरवण्याऐवजी कागद लावून तेल पाहावे, कारण एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ठिबकले तर जळका वास आणि धूर येतो.

वहीतले आकडे वाचणे

पुढची तपासणी साधारण वर्षभराने किंवा दहा हजार किलोमीटरने करावी आणि आकडे आधीच्या नोंदीशी ताडून पाहावेत. आठही अंतरे एक-दोन थाऊंनी वाढलेली असतील तर ती नेहमीची झीज आहे. एकाच व्हॉल्व्हचे अंतर भराभर वाढत असेल तर लॉक नट सैल झाला आहे का, पुशरॉड वाकला आहे का, हे प्रथम पाहावे. तसे नसेल तर टॅपेट किंवा कॅमचा उंचवटा झिजत असण्याची शक्यता असते. आणि 1, 4, 5, 8 यांपैकी एखाद्या एक्झॉस्टचे अंतर प्रत्येक वेळी कमीच होत असेल, तर सीट झिजत आहे असे समजावे. अशा वेळी तपासणी तीन-चार हजार किलोमीटरवर आणावी, कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांहून कमी आले तर व्हॉल्व्ह जळण्याची वाट न पाहता हेड काढून मशीन शॉपमध्ये कठीण सीट रिंगा बसवून घ्याव्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम करणारे कारागीर मिळतात. त्यांच्याकडे जाताना ही वही बरोबर न्यावी, म्हणजे कोणत्या सीटकडे आधी पाहायचे ते त्यांना सांगता येते.